दोनशे मागांचा हिशेब जुळत नाही

‘साहित्य हा समाजाचा आरसा’ हे वाक्य आपण शाळेच्या निबंधात शिकतो आणि पुढे जन्मभर वापरतो. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या इंग्लंडचा विषय निघाला की ते हमखास येते. कुरणांना कुंपणे पडली, मठ बुडाले, महागाई भडकली, कापडाचा धंदा फोफावला, रस्त्यांवर भटके वाढले. यातल्या प्रत्येक बदलासमोर कुठल्या तरी कथेतला उतारा ठेवायचा आणि ‘बघा, असा होता तो समाज’ म्हणून पुढे जायचे, ही शिकवण्याची एक रीतच होऊन बसली आहे. उलट बाजूला आर्थिक इतिहासवाले. त्यांच्या मते कथा रचणाऱ्याने रचली. खरे काय ते चर्चच्या नोंदवह्यांत, न्यायालयाच्या दप्तरांत आणि बाजारभावांत शोधावे. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात, पण कथेला दोघे विचारतात तो प्रश्न एकच असतो: तू खरे बोलतेस की खोटे?

हा प्रश्नच चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. कथा आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचावी, तिच्यातला हिशेब स्वतः करून पाहावा, आणि तो जिथे जुळत नाही तिथे पान उलटण्याऐवजी थांबावे. लिहिणाऱ्याने नेमके तिथेच का वाढवले, तिथेच का गाळले, याचे उत्तर शोधताना त्या काळाबद्दल जे कळते ते कुठल्याही नोंदवहीत सापडत नाही. आरसा मानणाऱ्यांना ही तफावत दिसतच नाही, आणि दप्तरवाल्यांना ती दिसते तेव्हा ते कथा मिटून ठेवतात.

दप्तरवाल्यांची बाजू लंगडी मुळीच नाही. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चखालच्या गावाला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. केंब्रिजच्या संशोधकांनी अशा ४०४ पॅरिशांच्या नोंदी मोजून लोकसंख्येचा अंदाज बांधला: १५४१ च्या सुमारास २८ लाखांच्या आत, १६०१ मध्ये ४१ लाख, १६५१ मध्ये ५२ लाख. शंभर-सव्वाशे वर्षांत तोंडे जवळजवळ दुप्पट झाली, धान्य कित्येक पटींनी महागले आणि मजुरी फार मागे राहिली. त्या काळची कुठली कथा हे सांगते? एकही नाही. शिवाय वाचणारे होते किती? १६४० च्या दशकात शपथपत्रांवर स्वतःची सही करू शकणारे पुरुष शंभरात तीसच्या आसपास आणि बायका दहाच्या आसपास. कथांचे साचेही पुष्कळदा उसने होते. ठकसेन नायकाची गोष्ट स्पेनमधून आली, भिकाऱ्यांच्या कपटांची यादी जर्मन पुस्तकात आधीच छापलेली होती. मग उसन्या साच्यात, थोड्यांसाठी लिहिलेल्या मजकुरावरून अख्ख्या समाजाबद्दल बोलावे कसे?

आक्षेप खरे आहेत; पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकतो का, ते सर्वांत प्रसिद्ध उताऱ्यावर पाहू. इंग्लिश विचारवंत थॉमस मोरची ‘युटोपिया’ ही कथा १५१६ मध्ये लॅटिनमध्ये छापली गेली. तिच्या पहिल्या भागात एक प्रवासी म्हणतो की, एके काळी गरीब असलेली इंग्लंडातली मेंढरे आता माणसेच खाऊ लागली आहेत. शेते, घरे, गावे गिळत सुटली आहेत. म्हणजे जमीनदार मेंढ्यांसाठी शेते आणि कुरणे कुंपणे घालून अडवत होते. वाक्य गाजले, कारण ते गाजण्यासारखेच आहे. दप्तरवाले त्यावर आकडा ठेवतात. या कुंपणांच्या १५१७ च्या चौकशी आयोगाचे आणि नंतरचे कागद मोजले तर, चोवीस परगण्यांच्या एकूण क्षेत्रापैकी तीन टक्क्यांहूनही कमी जमिनीला अशी कुंपणे पडल्याचे दिसते. शिवाय पुष्कळशी गावे मोरच्या आधीच, पंधराव्या शतकात, प्लेगनंतर माणसेच उरली नाहीत म्हणून ओस पडली होती. म्हणजे मोरने फुगवून सांगितले? हो. पण सरासरी हे फसवे मोजमाप आहे. मिडलंड्समध्ये ज्या गावाचे सामाईक कुरण गेले, त्या गावाची गाय कुठे चरायची? देशाचे सत्त्याण्णव टक्के शाबूत असले म्हणून तिचे पोट भरत नव्हते. आणि मोर ही गोष्ट ऐकीव म्हणून सांगत नव्हता. १५१५ मध्ये तो राजाच्या शिष्टमंडळातून फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश) गेला होता तो व्यापाराच्या वाटाघाटींसाठी, आणि त्या व्यापाराच्या मुळाशी लोकर होती. त्याच भागात तो पुढे म्हणतो की, मेंढ्यांची संख्या वाढूनही लोकर स्वस्त होत नाही, कारण त्या थोड्या श्रीमंतांच्या हाती आहेत आणि मनासारखा भाव येईपर्यंत त्यांना विकायची घाई नाही. अशा मूठभरांच्या बाजारासाठी त्याने शब्दही घडवला, ‘ऑलिगोपोलियम’. अर्थशास्त्र आजही तो वापरते. मेंढरे माणसे खातात हे वाक्य सगळे पाठ म्हणतात, त्याच्या मागचे हे भावाचे विश्लेषण मात्र वगळतात. जो उतारा भावनेचा म्हणून उद्धृत होतो, त्याच्या शेजारीच युक्तिवादाचा परिच्छेद उभा आहे.

मोरने फुगवले ते दुबळ्यांच्या बाजूने. उलट दिशेने फुगवल्याचे उदाहरण अधिक गंभीर आहे. केंट परगण्यातला जमीनदार थॉमस हार्मन याने १५६० च्या दशकात भटक्यांविषयी एक पुस्तक छापले. त्यात भटक्यांच्या जाती-पोटजाती लावल्या आहेत, त्यांची गुप्त बोली दिली आहे, त्यांच्या म्होरक्यांचे अधिकार सांगितले आहेत. निकोलस जेनिंग्ज नावाचा एक भिकारी साबण तोंडात धरून फेस काढतो, फेफऱ्याचे सोंग करतो, आणि पकडला जातो तेव्हा त्याच्यापाशी एका दिवसाची तेरा शिलिंगांहून जास्त कमाई निघते. त्या काळच्या मजुराला हे पैसे मिळवायला तीनेक आठवडे लागले असते. वाचक हादरला नसता तरच नवल! आता सॉल्झबरी शहराची वही पाहा. १५९८ ते १६३८ या काळात तिथे पकडून, फटके मारून, जन्मगावच्या वाटेला लावलेल्या भटक्यांची ती नोंद आहे. त्यात टोळ्या नाहीत, म्होरके नाहीत, गुप्त राज्यही नाही. बहुतेक जण एकटे, फार तर दुकटे. कुणी कामाच्या शोधात, कुणी धन्याकडून पळालेला पोरगा, कुणी नवऱ्याला शोधत निघालेली बाई.

मग हार्मन खोटा म्हणून फेकून द्यायचा? इथेच मला दप्तरवाल्यांशी भांडायचे आहे. त्या काळचे कायदे क्रमाने ठेवा. १५४७ च्या कायद्याने काम न करणाऱ्या भटक्याला छातीवर डाग देऊन दोन वर्षे गुलाम करण्याची तरतूद केली. ती इतकी अघोरी होती की १५५० मध्ये रद्द झाली. १५७२ च्या कायद्याने भटक्याला फटके मारून उजव्या कानाला तापल्या लोखंडाने भोक पाडायचे ठरले. भुकेल्या पोराचा कान जाळायला सभ्य माणसांचे हात कसे धजावले, हे सॉल्झबरीच्या वहीतून कळत नाही. ते कळते हार्मनकडून. समोरचा पोरगा भुकेला नाही, तो एका कपटी फौजेचा शिपाई आहे, अशी खात्री असली की मग हात कचरत नाही. ती खात्री कशी तयार होत होती, हे हार्मनच्या पानोपानी दिसते. आपल्याकडे ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये ‘विमुक्त’ झाल्या तरी तो शिक्का आजही पुसला गेलेला नाही. हार्मनपासून तिथवर सरळ वंशावळ आहे असा माझा दावा नाही. पण आधी यादी, मग गुप्त बोलीची कहाणी, मग कायदा, हा क्रम मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा. असे असताना ही रचलेली कहाणी ‘पुरावा नाही’ म्हणून बाजूला ठेवणे हे इतिहासाच्याच मुळावर येते.

आता ज्या पुस्तकाबद्दल सर्वांत जास्त गोंधळ घातला जातो ते घेऊ. टॉमस डेलोनी हा रेशीम विणणारा कारागीर, पोवाडे रचून विकणारा. ‘जॅक ऑफ न्यूबरी’ ही त्याची कथा १५९७ मध्ये छपाईसाठी नोंदली गेली. लोकांनी ती इतकी वाचली की १६१९ च्या आधीची एकही प्रत उरली नाही. कथानायकाच्या मागे खरा माणूस आहे: न्यूबरीचा कापडवाला जॉन विंचकोम, १५२० मध्ये वारलेला. कथेत जॅक हा मागावरचा साधा गडी. धनी वारतो, धनीण त्याच्याशी लग्न करते आणि धंदा त्याच्या हाती येतो. पुढे त्याच्या कारखान्याचे वर्णन एका गाण्यात येते. एका लांबलचक दालनात दोनशे माग, त्यांवर दोनशे माणसे, प्रत्येकाशेजारी कांड्या भरणारा एक पोरगा. शेजारी लोकर पिंजणाऱ्या शंभर बायका, पुढच्या खोलीत कातणाऱ्या दोनशे मुली, मग लोकर निवडणारी दीडशे मुले, कापडाची लव कातरणारे पन्नास, लव उठवणारे ऐंशी, रंगशाळेत चाळीस, आणि कापड कुटून दाट करणाऱ्या पाणचक्कीवर वीस. घरात दर आठवड्याला दहा धष्टपुष्ट बैल लागतात. आरसावाले म्हणतात, हा इंग्लंडमधला पहिला कारखाना. दप्तरवाले म्हणतात, ही लोणकढी थाप.

बेरीज केली तर माणसे एक हजार चाळीस भरतात. पण बेरजेहून मोलाचे आहे ते प्रमाण. रुंद पन्ह्याच्या कापडाला त्या काळी एका मागावर दोन विणकर लागत, कारण धोटा या कडेचा त्या कडेला एकट्याच्या हाताने पोचत नसे. गाण्यात माणशी एक माग आहे. ही चूक नव्हे. विंचकोमचे नाव होते ते कर्सी या अरुंद पन्ह्याच्या कापडासाठी, आणि कर्सीचा माग एकटा माणूस चालवी. डेलोनीला धंदा माहीत होता. मग त्याच गाण्यात दोनशे मागांना फक्त दोनशे कातणाऱ्या कशा? चरख्यावरच्या सुताने एक माग दिवसभर चालता ठेवायचा तर पिंजणारे-कातणारे धरून किमान चार-पाच जोड्या हात लागत. मागांच्या गावात राहिलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. विणकर एक, पण त्याच्यामागे घरभर हात. म्हणजे गाण्यातल्या मागांना सूत पुरवायला आणखी कित्येक शे बायका हव्यात, आणि त्या गाण्यात नाहीत. प्रत्यक्षात त्या होत्या आजूबाजूच्या खेड्यांत, आपापल्या झोपड्यांत. कापडवाल्याचा माणूस लोकर वाटत जाई, सूत गोळा करत येई, वजनात घट आली की पैसे कापी. इंग्लंडच्या कापडधंद्याचा खरा पसारा हाच होता, आणि तो एका छपराखाली कधीच नव्हता.

ज्याला मागाचा पन्हा बिनचूक ठाऊक आहे, तो सुताचा हिशेब चुकणार नाही. मग त्याने सगळ्यांना एका दालनात का आणले? उत्तरासाठी दोन गोष्टी शेजारी ठेवायला हव्यात. पहिली, १५५५ चा विणकरांचा कायदा. त्याच्या प्रस्तावनेत तक्रार आहे की, श्रीमंत कापडवाले आपल्या घरात अनेक माग मांडतात, त्यांवर अर्धवट शिकलेले गडी बसवतात आणि विणकरांचे पोट मारतात. म्हणून शहरांबाहेरच्या कापडवाल्याने एकाहून जास्त आणि विणकराने दोनाहून जास्त माग ठेवू नयेत असे ठरले. म्हणजे डेलोनी ज्याचे गाणे गातो, ती त्याच्याच जातभाईंची चाळीस वर्षांपूर्वीची तक्रार होती! दुसरी गोष्ट, पीकपाणी. १५९४ पासून १५९७ पर्यंत लागोपाठ पिके बुडाली. १५९६ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये कुंपणे उखडायला निघालेल्या मूठभर गरिबांचा बेत फसला. त्याच वर्षी धान्याच्या टंचाईवर पोवाडा रचल्याबद्दल लंडनचा महापौर डेलोनीच्या शोधात होता. पुढल्याच वर्षी हा माणूस दर आठवड्याला दहा बैल शिजणाऱ्या घराची गोष्ट लिहितो.

कथेत एक प्रसंग असाही आहे की, लढायांमुळे परदेशी व्यापार थांबतो, कापडवाल्यांना गडी काढून टाकावे लागतात, आणि गावोगावचे कापडवाले राजाकडे अर्ज घेऊन जातात. मला वाटते सगळ्या कथेची कळ इथे आहे. १५५५ मध्ये विणकराला भीती होती मोठ्या मालकाची. १५९७ मध्ये भीती होती मालकच नसण्याची. सूत घ्यायला कुणी आले नाही तर खेड्यातली कातणारी बाई कुणाच्या दारात जाणार? डेलोनीने तिला दालनात आणून बसवले, अंगावर लाल घागरा आणि डोक्यावर पांढराशुभ्र रुमाल दिला, ताटात अन्न वाढले. कारखान्याचे वर्णन म्हणून ते खोटे आहे. पण भुकेच्या वर्षात एका विणकराला सुरक्षितता कशी दिसत होती, हे सांगणारा याहून चांगला कागद माझ्या माहितीत नाही. धनी हवा, तो घरातला हवा, आणि त्याने जेवू घालावे. तक्रारीचे स्वप्न होण्याइतका काळ बिघडला होता, हे मजुरीच्या तक्त्यात कुठे दिसेल?

दप्तरवाले इथे म्हणतील की, हा सगळा अर्थ तुम्ही काढलात. बरोबर आहे. पण दप्तर अर्थाशिवाय बोलते का? सॉल्झबरीच्या वहीत लिहिणारा कारकून आहे, आणि फटके चुकवायला बघणारा भटका त्याच्यापुढे उभा आहे. तो जे सांगतो ती गोष्टच असते. चौकशी आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांना गावात परत जमीनदाराखालीच नांदायचे असते. मृताच्या मालमत्तेच्या याद्या सुंदर असतात, पण ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याची यादी कोण करणार? कागद सरकारी आहे म्हणून त्याला हेतू नसतो, ही भाबडी समजूत आहे.

डॅनियल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) बद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढेच सांगतो की स्वकष्टाचा नायक म्हणून त्याला डोक्यावर घेणारे अर्धेच पुस्तक वाचतात. बेटावर येण्यापूर्वी त्याने गुलामीतून आपल्याबरोबर सुटलेला झुरी नावाचा मुलगा साठ स्पॅनिश नाण्यांना दिला होता, जहाज फुटले ते गिनीला गुलाम आणायला निघालेले असताना, आणि २८ वर्षांनी तो परतला तेव्हा श्रीमंत झाला तो ब्राझीलमधल्या मळ्याच्या साचलेल्या उत्पन्नावर. हे सगळे डीफोने लपवलेले नाही, वाचणारे ते गाळतात.

त्याच डीफोची १७२२ मधली ‘मॉल फ्लँडर्स’ मात्र या वादाचा निकाल लावते असे मला वाटते, कारण इथे एकाच माणसाच्या दोन साक्षी आहेत. १७२४ पासून त्याने ब्रिटनचे प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यात टॉन्टन या कापडाच्या गावाबद्दल तो अभिमानाने सांगतो की, पाच वर्षांवरचे एकही मूल असे नाही जे, हेळसांड झाली नाही तर, स्वतःची भाकरी मिळवू शकत नाही. हॅलिफॅक्सकडे तर चार वर्षांवरचे हातही आपापल्यापुरते मिळवतात. हा दप्तरवाल्यांच्या आवडीचा मजकूर: स्थळ आहे, वय आहे, धंदा आहे. डेलोनीच्या गाण्यात लोकर निवडणाऱ्या दीडशे मुलांना जेवून रोज एकेक पेनी मिळते, म्हणजे बारा पेनींचा एक शिलिंग धरून सगळ्यांचे मिळून दिवसाचे साडेबारा शिलिंग. सव्वाशे वर्षांनीही मूल कमावते ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण हेच डीफोने कथेत कसे लिहिले?

मॉल तुरुंगात जन्मलेली. तीनेक वर्षांची असताना कोलचेस्टरमध्ये सापडते. १६०१ च्या गरिबांच्या कायद्याप्रमाणे दर पॅरिशला कर बसवून आपापले गरीब पोसायचे, धडधाकटांना अंबाडी-लोकर देऊन कामाला लावायचे, पोरांना कुणाच्या तरी घरी बांधून द्यायचे. १६६२ पासून कोण कुठल्या पॅरिशचा हे काटेकोर ठरू लागले. मॉल कुठलीच नाही. डीफो हे बारकाईने सांगतो की, कायद्याने तिचा भार त्या गावावर नव्हता, अधिकाऱ्यांना दया आली म्हणून तिला एका गरीब बाईकडे ठेवले. कोलचेस्टर हे फ्लँडर्सहून आलेल्या निर्वासितांनी वाढवलेले हलक्या लोकरी कापडाचे गाव. तिथे पोर कातायला आणि शिवायला शिकली नसती तरच आश्चर्य. आठव्या वर्षी फर्मान येते: हिला घरकामाला लावा. पोर रडू लागते. मला मोलकरीण नाही व्हायचे, मला ‘जंटलवुमन’, म्हणजे खानदानी बाई, व्हायचे आहे म्हणते. नगराध्यक्षाच्या घरच्या बायका येऊन हसतात, तिचा हात बघून कौतुक करतात, एक शिलिंग देतात. कारण या शब्दाचा तिच्या मनातला अर्थ एवढाच: कुणाच्या दारी न राबता आपल्या कामावर जगणारी बाई.

प्रसंग विनोदाचा म्हणून रंगवला आहे हे कुणी दाखवून दिले तर मान्य. पण त्या आधीच्या संवादात डीफोने आकडे घातले आहेत, आणि आकडे विनोदासाठी लागत नाहीत. सांभाळणारी बाई विचारते, तू मिळवतेस किती? कातले तर तीन पेन्स, शिवणकाम केले तर चार, पोर सांगते. प्रवासवर्णनातले कमावते मूल ते हेच. मग कथेतली बाई तो हिशेब पुढे चालवते, जो प्रवासवर्णनात डीफोने केलेला नाही. तेवढ्यात तुझे कपडे कोण करणार? मी जास्त काम करीन, सगळे पैसे तुला देईन, पोर म्हणते. पोरी, तेवढ्यात तुझे जेवणसुद्धा जेमतेमच भागेल, बाई म्हणते. त्यावर आठ वर्षांची मॉल म्हणते, मग मी जेवणार नाही, पण मला तुझ्यापाशी राहू दे.